सहावे पृष्ठ, पाचवा क्रमांक

फ्रीकॅड या मुक्त-स्रोत आरेखन सॉफ्टवेअरमध्ये साधा ठोकळा काढला की त्याला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू मिळतात. वरच्या पृष्ठावर माउस नेला, तर पडद्यावर ‘फेस६’ हे नाव दिसते. तेच पृष्ठ पायथॉन भाषेतल्या स्क्रिप्टमधून हवे असेल, तर मात्र ‘फेसेस’ या यादीतला ५ क्रमांक मागावा लागतो. पडदा १ पासून मोजतो, स्क्रिप्ट ० पासून.

फ्रीकॅडची भूमिती ज्या ओपन कॅस्केड लायब्ररीवर उभी आहे, तिच्यात आकाराचे घटक ज्या अनुक्रमित संचांत ठेवतात, त्यांची गणना १ पासून होते. पायथॉनमधला क्रमांक म्हणजे यादीच्या आरंभापासूनचे अंतर, म्हणून पहिल्या घटकासाठी ते शून्य. आपल्याकडे तळमजल्याच्या वरचा तो पहिला मजला, तर अमेरिकेत रस्त्यालगतचाच मजला पहिला. तसाच हा प्रकार. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पत्ता एका पद्धतीने सांगितला आणि दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर मात्र भलतेच दार वाजते.

खरा धोका असा, की ही चूक बहुधा बोलत नाही. ‘फेस१’ मनात धरून यादीतला १ क्रमांक मागितला, तर ‘फेस२’ हाती येते. ठोकळ्यात ते नेमके समोरच्या बाजूचे पृष्ठ असते. स्क्रिप्ट सुरळीत चालते आणि भोक उलट्या बाजूला पडते. ‘फेस६’साठी ६ लिहिले, तरच क्रमांक यादीबाहेर गेल्याची सूचना मिळते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे उणे क्रमांक: हिशेबात एक दोनदा वजा झाला, तर पायथॉन -१ चा अर्थ ‘शेवटचा घटक’ असा घेतो आणि तक्रार न करता वरचे पृष्ठ देतो.

स्केचमध्ये, म्हणजे सपाट रेखाटनात, गुंता वाढतो. ‘कन्स्ट्रेंट१’, म्हणजे मापाचे किंवा स्थानाचे पहिले बंधन, स्क्रिप्टमध्ये ० होते, पहिली रेषाही ०. आडव्या अक्षाला -१, उभ्या अक्षाला -२, आणि बाहेरून आणलेल्या कडांना -३ पासून पुढे उणे क्रमांक. रेषेच्या टोकांना मात्र आरंभासाठी १ आणि शेवटासाठी २, कारण तिथे ० म्हणजे ‘बिंदू नव्हे, अख्खी रेषा’. म्हणजे एकाच ओळीत दोन मोजण्या शेजारी बसतात. कडा गोल करणाऱ्या ‘पार्ट फिलेट’ वस्तूच्या यादीत तर स्क्रिप्टमधूनही कडेचा क्रमांक पडद्याप्रमाणे १ पासूनच द्यावा लागतो. ‘स्क्रिप्ट आली की एक वजा करा’ हा सोपा नियम इथे तोंडघशी पाडतो.

म्हणून शक्य तिथे क्रमांक टाळणे इष्ट. ‘गेटएलिमेंट’ या फंक्शनला ‘फेस६’ हे पडद्यावरचे नाव जसेच्या तसे देता येते, आणि कन्स्ट्रेंटला ‘रुंदी’सारखे नाव दिले की माप त्या नावाने बदलता येते. पण पृष्ठाचे नावही कायमचे नसते. आधीच्या टप्प्यात एखादी खाच वाढवली, की कालचे ‘फेस६’ आज ‘फेस८’ होऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीने हा त्रास बराच कमी केला, पुरता संपवला नाही. स्क्रिप्टमध्ये पृष्ठ त्याच्या गुणावरून, उदाहरणार्थ ज्याचा मध्य सर्वांत उंचावर आहे ते, असे शोधले तर मोजणी शून्यापासून की एकापासून, हा प्रश्नच उद्भवत नाही.