घरातली ई-पत्रे : दोन कॉम्प्युटरवरून एका जागी

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आपल्या किनारपट्टीवर अशी कितीतरी घरे आहेत, जिथला कर्ता पुरुष वर्षानुवर्षे कुवेत, दुबई, सौदीत किंवा जहाजावर राहिला. त्यांची पत्रे अम्मीच्या पेटीत रुमालात बांधलेली असत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचे हॉटमेल आले, २००४ मध्ये जीमेल आले आणि पेटीतली पत्रे हळूहळू थांबली. त्यानंतरचा घराचा सगळा पत्रव्यवहार आज कुठे आहे? पुष्कळ घरांत तो एखाद्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि तो कॉम्प्युटर माळ्यावर किंवा पलंगाखाली आहे.

त्यात फक्त खुशालीची पत्रे नसतात. नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या, व्हिसाची प्रत, कंपनी सोडतानाचा हिशेब, घर बांधताना भावाला पाठवलेल्या रकमेचा तपशील, जमिनीच्या कागदांचे फोटो हे सगळे त्यात असते. घरातल्या कोणाचा इंतकाल झाला आणि वारसांत हिशेबाचा प्रश्न निघाला, तर तोंडी सांगण्यापेक्षा तारखेसह असलेला एक मेल जास्त उपयोगी पडतो.

हा विषय आताच काढण्याचे कारण असे की, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला आणि अनेक घरांत जुना कॉम्प्युटर जाऊन नवा येत आहे. शिवाय आपली खारी, दमट हवा यंत्राला मानवत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर वीज किती दिवस नव्हती, हे मालवणकरांना सांगायला नको.

मेल दोन ठिकाणी का विभागतात?

मेल मागवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली पॉप. हिच्यात मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ ही खूण केलेली नसेल तर सर्व्हरवरून पुसला जातो. दुसरी आयमॅप. हिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक यंत्रावर तोच दिसतो.

समजा, अब्बांचे एकच खाते पॉप पद्धतीने कुवेतमधल्या लॅपटॉपवर आणि मालवणच्या घरातल्या कॉम्प्युटरवरही जोडलेले होते. ज्या यंत्राने आधी मेल उतरवला, तो त्याच्याकडेच राहिला. म्हणजे काही मेल तिथे, काही इथे. अब्बांनी स्वतः पाठवलेले मेल तर ज्या यंत्रावरून पाठवले त्याच यंत्राच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये असतात. लोक इनबॉक्स उचलतात आणि सेंट विसरतात. मग प्रश्न सापडतात, पण अब्बांची उत्तरे सापडत नाहीत.

आधी मोजणी, मग हलवाहलव

वही घ्या आणि दोन रकाने आखा, प्रत्येक कॉम्प्युटरसाठी एक. प्रत्येक फोल्डरचे नाव, त्यातल्या मेलची संख्या, सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या मेलची तारीख लिहा. काम झाल्यावर हीच वही ताळा करायला लागेल.

मग दोन्ही यंत्रांवरच्या मेलच्या फाइलींची जशीच्या तशी नक्कल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. नक्कल करताना मेलचा प्रोग्राम बंद असावा. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, तो एक्स-फॅट पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो. फॉरमॅट केल्यावर त्यातले सगळे जाते, म्हणून पेनड्राइव्ह आधी रिकामा करून घ्या.

आउटलुक असेल तर

जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये फाइल, मग ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, मग ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’ असे जा. ‘एक्स्पोर्ट टू अ फाइल’ निवडून पीएसटी ही फाइल तयार करा. यादीत सर्वांत वरचे खात्याचे नाव निवडा आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण करा, म्हणजे सेंटसकट सगळे येईल. ती फाइल नव्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा. थेट पेनड्राइव्हवरून उघडू नका. मग त्याच मेनूतून ती आत घ्या आणि ‘डू नॉट इम्पोर्ट डुप्लिकेट्स’ हा पर्याय निवडा. आधीच आलेला मेल पुन्हा येणार नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरची फाइलही अशीच आत घेतली की दोन्हींचे एक होते.

आउटलुक २००२ आणि त्याआधीची पीएसटी फाइल २ जीबीच्या पुढे गेली की बिघडत असे. तुमची जुनी फाइल त्या आकाराच्या जवळ असेल तर त्या यंत्रावर नवे मेल मागवू नका, आधी नक्कल घ्या.

थंडरबर्ड आणि आउटलुक एक्स्प्रेस

थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम आहे. त्यात प्रत्येक फोल्डर ही एक साधी फाइल असते. मदत मेनूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइलचे फोल्डर उघडते. जुन्या यंत्रावरची ‘इनबॉक्स’ ही फाइल नव्या यंत्राच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवायची असते, पण नाव बदलून. उदाहरणार्थ ‘कुवेत-इनबॉक्स’. त्याच नावाने ठेवली तर आधीची फाइल पुसली जाईल. थंडरबर्ड बंद करून फाइल ठेवा, पुन्हा उघडल्यावर नवे फोल्डर दिसेल. मग आतले मेल हवे तिथे ओढून न्या.

विंडोज एक्सपीच्या काळातला आउटलुक एक्स्प्रेस असेल तर तो कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नका. आजचे सर्व्हर त्याच्याशी बोलत नाहीत आणि ते सुरक्षितही नाही. डेस्कटॉपवर एक फोल्डर करून त्यात मेल निवडून ओढा. प्रत्येक मेलची ईएमएल नावाची वेगळी फाइल होते. थंडरबर्डला ‘इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी’ ही जोड लावली की त्या फाइली आत घेता येतात.

सगळे एका जागी आल्यावर आयमॅपने जोडलेल्या जीमेलमध्ये मेल ओढून ठेवता येतात, म्हणजे एक प्रत घराबाहेरही राहते. तिथे १५ जीबी जागा मोफत मिळते, पण त्यातच फोटो आणि ड्राइव्हही धरलेले असतात. शिवाय मेलमधून जाताना अटॅचमेंट फुगते. ३ एमबीचा फोटो सुमारे ४ एमबी जागा घेतो.

उर्दू आणि मराठी मजकुराचे काय?

जुने उर्दू मजकूर पुष्कळदा इनपेजच्या फाइलीत पाठवलेले असतात. नव्या कॉम्प्युटरवर इनपेज नसेल तर त्या उघडत नाहीत. जुने यंत्र चालू आहे तोवर त्या उघडून छापून किंवा पीडीएफ करून ठेवा. युनिकोडपूर्वीच्या मराठीचेही तेच. ज्या फॉन्टमध्ये मजकूर लिहिला तो नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. मेल खराब झाला असे समजून पुसू नका, जुन्या यंत्राच्या फॉन्ट फोल्डरचीही नक्कल घ्या.

पत्त्यांची वहीही वेगळी असते. मेल आले म्हणजे पत्ते आले असे नाही. ते सीएसव्ही फाइल करून स्वतंत्र आणावे लागतात.

ही अमानत आहे

मेल हलवताना दुसऱ्याची खासगी पत्रे डोळ्यांखालून जातात. अब्बा हयात असतील तर त्यांची परवानगी घ्या, त्यांना शेजारी बसवा. मुलाने सगळे एकट्याने करण्यापेक्षा हे बरे, कारण काय महत्त्वाचे ते त्यांनाच ठाऊक असते. दुकानात काम दिले तर पासवर्ड सांगू नका, स्वतः टाका, आणि काम झाल्यावर बदला.

ज्यांची खाती कोणी उघडत नाही, त्यांच्याबाबत उशीर करू नका. सलग २ वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या सोयीतून आपल्यामागे आपली माहिती कोणाला मिळावी हे आधीच नोंदवता येते. घरातल्या थोरांनी हयातीतच ते करून ठेवावे.

शेवटी वही काढा आणि आकडे ताडून पाहा. दोन्ही यंत्रांवर तोच मेल असेल तर एकूण संख्या बेरजेपेक्षा कमी भरेल. पण कोणत्याही एका यंत्राच्या आकड्यापेक्षा ती कमी भरता कामा नये. प्रत्येक वर्षातला एक मेल, एक अटॅचमेंट आणि एक उर्दू मजकूर उघडून बघा. तीन महिने जुना कॉम्प्युटर तसाच राहू द्या. त्यानंतर तो भंगारात द्यायचा असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या आणि मगच भंगारवाल्याला हाक मारा.