किचन रोल की जुनं फडकं? कागद सोडून कापडाकडे वळण्याआधी हे वाचा

ओट्यावर दूध सांडलं की पूर्वी हात आपोआप खिळ्याला टांगलेल्या फडक्याकडे जायचा. आता तो किचन रोलकडे जातो. जेवणाच्या टेबलावर टिश्यूचा डबा, पोळ्यांच्या डब्यात पेपर नॅपकिन, भज्यांच्या ताटलीत पुन्हा कागद. प्रत्येक तुकड्याचं आयुष्य जेमतेम काही सेकंदांचं, आणि मग थेट कचऱ्याचा डबा.

त्यामुळे अनेक घरांत पुन्हा कापडाचा विचार सुरू झाला आहे. पण कापड म्हटलं की दोन शंका येतातच: धुवायला पाणी लागतं, मग फायदा काय? आणि ते स्वच्छ राहतं का? दोन्ही शंका रास्त आहेत.

वापरलेल्या टिश्यूचा पुन्हा कागद का होत नाही?

रद्दीचा पुन्हा कागद होतो, म्हणून टिश्यूचाही होत असेल असं वाटतं. तसं होत नाही. रद्दीपासून कागद करताना तिचा पाण्यात लगदा करावा लागतो. किचन रोल मात्र ओला झाला तरी फाटू नये म्हणून त्यात खास रसायन मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याचा लगदा सहज होत नाही. शिवाय त्याला तेल, आमटी, खरकटं लागलेलं असतं. म्हणून रद्दीवालाही तो घेत नाही.

मग नवे कापडी नॅपकिन विकत आणायचे का?

इथेच बरेच जण चुकतात. कापूस पिकवायला भरपूर पाणी लागतं. जगाची सरासरी धरली तर एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली पिशव्यांची तुलना केली होती. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायचा असेल, तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, असा त्यांचा हिशेब निघाला. तो हिशेब पिशव्यांचा असला तरी मुद्दा इथेही लागू होतो: नवं कापड फुकट पडत नाही, ते वर्षानुवर्षं वापरलं तरच परवडतं.

म्हणून सर्वात चांगलं कापड म्हणजे घरात आधीच असलेलं. आजीचं जुनेर, विरलेलं धोतर, पंचा, सुती चादर. पूर्वी याच कपड्यांची बाळाची दुपटी, लंगोट, गोधड्या व्हायच्या आणि शेवटी उरायचं ते पोतेरं. अनेकदा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा जास्त पाणी शोषतं, कारण त्यातली खळ निघून गेलेली असते.

पाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर रुंद सुती साडीतून ३० सेंटिमीटरचे ४८ चौकोन निघतात. चार जणांच्या घराला एवढे पुष्कळ झाले.

कापड सुती आहे का, हे ओळखायला त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच जिरला तर ठीक. थेंब वर तरंगत राहिला तर ते बहुधा सिंथेटिक. ते बोहारणीला द्या, पुसायला कामाचं नाही.

पाण्याचं काय?

ही फडकी वेगळी धुवायला गेलात तर पाणी नक्कीच जास्त लागेल. रोजच्या कपड्यांबरोबर धुतली तर फारसा फरक पडत नाही. मशीनमध्ये मूठभर चौकोन सहज मावतात. फक्त खरकटं आधी झटका, आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याचा थर बसून कापडाची शोषण्याची ताकद कमी होते.

खरा धोका: ओलं फडकं

मॉरिशस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली महिनाभर वापरलेले १०० किचन टॉवेल तपासले. त्यातल्या ४९ टॉवेलवर जिवाणूंची वाढ दिसली. जे टॉवेल ओलसर राहत होते किंवा अनेक कामांसाठी वापरले जात होते, त्यांवर ई. कोलाय सापडण्याचं प्रमाण जास्त होतं.

म्हणजे दोष कापडाचा नाही, वापराचा आहे. त्यासाठी साधे नियम:

- ओटा, भांडी, हात आणि जमीन यांची फडकी वेगळी. वेगळ्या रंगाची ठेवली तर घोळ होत नाही.
- ओट्याचं आणि भांड्यांचं फडकं रोज बदला.
- ओलं फडकं गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा.
- आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात टाका आणि कडक उन्हात वाळवा.
- पावसाळ्यात फडकी लवकर वाळत नाहीत, म्हणून दुप्पट संख्या ठेवा.

कागद कुठे राहू द्यावा?

कच्च्या मटण-मासळीचं पाणी, उलटी, कुत्र्या-मांजराची घाण, घरात संसर्गाचा आजार असताना वापरायचे रुमाल: इथे वापरून टाकून देता येणारा कागदच सोयीचा.

तळणीला मात्र कागदही नको आणि कापडही नको. तेलकट कापड धुणं म्हणजे शिक्षाच. ताटावर चाळण किंवा जाळी ठेवून त्यात भजी काढा. तेल खाली निथळतं. वर्तमानपत्र तर अजिबात नको. छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात, म्हणून अन्न वर्तमानपत्रात बांधू किंवा वाढू नये, असं भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्येही पुन्हा बजावलं आहे.

सुरुवात कुठून करायची?

सगळं एकदम बदलायला गेलं की आठवड्यात कंटाळा येतो. आधी पोळ्यांच्या डब्यातला पेपर नॅपकिन काढून मऊ सुती फडकं घाला. मग ओट्याजवळ एका डब्यात घडी केलेले दहा-बारा चौकोन ठेवा, आणि वापरलेल्यांसाठी शेजारी छोटी टोपली. किचन रोल फेकू नका, वरच्या कप्प्यात ठेवा. हाताशी फडकं असलं की रोलची आठवण कमीच होते, आणि पुढचा रोल आणायची वेळ बऱ्याच उशिरा येते.