चौकटीचा धंदा आणि चित्रांचा संसार

चित्रांचा व्यापार म्हटला की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. कलेच्या दारात तराजू कशाला, असे आपल्याला वाटते. पण चित्रकारालाही घरभाडे द्यावे लागते, रंग आणि कॅनव्हास विकत आणावे लागतात. तेव्हा त्याचे चित्र भिंतीवर लावणारा, ते पाहायला माणसे जमवणारा आणि पैशांचा हिशेब ठेवणारा कोणीतरी हवाच. तो म्हणजे गॅलरीवाला. मुंबईत केकू गांधी आणि खोरशेद गांधी ह्या पारशी जोडप्याने हा धंदा मांडला. तो चालला कसा, ते पाहण्यासारखे आहे.

गंमत अशी, की ह्या धंद्याची सुरुवात चित्रांपासून झालीच नाही; ती झाली चौकटींपासून. केकू केंब्रिजला शिकत होते. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि मुंबईस आलेल्या केकूंना परत जाता आले नाही. पुढे व्हॅन डॅम नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि १९४१ साली फ्रेमच्या पट्ट्या तयार करण्याचा व्यवसाय उभा राहिला. 'केमिकल मोल्डिंग' ह्या शब्दांवरून त्याचे नाव पडले 'केमोल्ड'.

आता त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ साली. त्याआधी तरुण चित्रकाराने आपली चित्रे लावायची कुठे? केकूंनी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या फ्रेमच्या दुकानात ती लावायला सुरुवात केली. आरा, हेब्बर, हुसेन ह्यांची चित्रे तिथे लागली. फ्रेम घ्यायला आलेल्या माणसाची नजर सहजच फ्रेमच्या आतही जायची!

पुढे १९६३ साली जहांगीरच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, 'गॅलरी केमोल्ड' सुरू झाली. जागा लहानशीच. पण खालचे सभागृह आणि वरची ही खोली, ह्यांत एक फरक आहे. सभागृह चित्रकार भाड्याने घेतो. चित्र विकले गेले नाही तर नुकसान त्याचे. खाजगी गॅलरी चित्रकार स्वतः निवडते, प्रदर्शन मांडते, आणि चित्र विकले गेले तर ठरलेला वाटा घेते. नाही विकले, तर दिव्यांचा, निमंत्रणपत्रिकांचा आणि नोकरांच्या पगाराचा खर्च तिच्या अंगावर पडतो. म्हणजे जोखीम चित्रकाराच्या खांद्यावरून गॅलरीच्या खांद्यावर येते.

आणि जोखीम थोडीथोडकी नव्हती. नव्या वळणाच्या चित्रांना त्या काळी गिऱ्हाईक मोजकेच. नवरा-बायको दोघेही एकाच धंद्यात असली, की मंदीचा फटका सबंध घराला बसतो. एकाचा पगार दुसऱ्याला सावरील, अशी सोय नसते. इथे फ्रेमचा धंदा कामास आला. चित्र घ्यायला माणूस दहादा विचार करील, पण फ्रेम ही घरोघरची गरज. ती मिळकत हाताशी असल्यामुळे, आज न खपणाऱ्या चित्रकारासाठी ह्या जोडप्याला थांबता आले. मला वाटते, गॅलरीवाल्याचे खरे भांडवल ते हेच : थांबण्याची ताकद.

दुसरे भांडवल म्हणजे कामाची वाटणी. केकू बोलके, माणसे जोडणारे, संस्थांसाठी खटपट करणारे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा मुंबईत व्हावी म्हणून ते झटले. ती १९९६ साली उघडली. पण गॅलरीचे दार रोज उघडायला हवे, चित्रकाराशी बोलायला हवे, कोणते चित्र कुठे लागेल ते ठरवायला हवे. ह्या नित्याच्या कारभाराची धुरा खोरशेदबाईंनी वाहिली. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. २००९ साली केकूंना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या मानात बाईंच्या कष्टांचाही वाटा होता असे म्हटले, तर ते चुकीचे होणार नाही.

ह्या धीराचे फळ काय, त्याचे एकच उदाहरण देतो. १९७५ साली ह्याच गॅलरीत जिव्या सोमा मशे ह्यांची चित्रे लागली. डहाणूकडचा हा वारली चित्रकार. झोपडीच्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, लग्नकार्याच्या वेळी काढायची चित्रे त्यांनी कागदावर आणली होती. भास्कर कुलकर्णी ह्यांनी त्यांची कला हेरली होती. गॅलरीने तिला शहरातली भिंत दिली. 'लोककला' म्हणून बाजूला न सारता, इतर चित्रकारांसारखाच हाही एक चित्रकार, ह्या नात्याने. २०११ साली मशे ह्यांनाही पद्मश्री मिळाली.

१९८८ साली कारभार मुलीकडे, शिरीन गांधी ह्यांच्याकडे गेला आणि २००७ साली गॅलरी फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर हलली. केकू २०१२ साली वारले.

गॅलरीचा काचेचा दरवाजा पाहून आपण बिचकतो. आत गेलो तर काही विकत घ्यावे लागेल, अशी भीती वाटते. तसे मुळीच नाही. बहुतेक ठिकाणी आत जायला पैसे पडत नाहीत. खुशाल जा, चित्रे पाहा. आणि टेबलाशी हिशेबाची वही घेऊन कोणी बसलेले दिसले, तर त्यांच्याशीही दोन शब्द बोला.