डिझेल पिकअपच्या इंजिनाची अस्थिर मंदगती

वाहन उभे असताना व अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहते, त्या वेगास मंदगती किंवा प्रचलित भाषेत आयडलिंग म्हणतात. ही गती एकसारखी न राहता इंजिन अडखळू लागले, हादरू लागले किंवा बंद पडण्याच्या बेतात आले म्हणजे मंदगती अस्थिर झाली असे मानतात. गॅरेजमध्ये या दोषास ‘मिसिंग’ म्हणतात. हे इंग्रजी धातुसाधित मराठीत बिनतक्रार नाम म्हणून रुळले आहे. प्रस्तुत लेखात यांत्रिक इंधनपंप असलेल्या जुन्या चार सिलिंडरच्या डिझेल पिकअपचा विचार केला आहे. टाटा मोबाईल, टाटा २०७ व महिंद्राच्या सुरुवातीच्या पिकअप ही या वर्गातील परिचित वाहने असून शेतमाल व दुधाच्या वाहतुकीसाठी महाराष्ट्रात त्यांचा दीर्घकाळ वापर होत आला आहे.

दोष मंदगतीतच का जाणवतो

चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. मिनिटाला ८०० फेऱ्यांची मंदगती धरल्यास चार सिलिंडरमध्ये मिळून १,६०० ज्वलने होतात. एक सिलिंडर निकामी झाल्यास त्यातील ४०० गळतात व सेकंदाला सहा-सात ठोक्यांचा हादरा थेट केबिनपर्यंत पोहोचतो. गती वाढली की गतिचक्रात साठलेली ऊर्जा ही उणीव भरून काढते. शिवाय मंदगतीत प्रत्येक वेळी फवारले जाणारे डिझेल अत्यल्प असते. त्यामुळे दोन नोझलमधील किरकोळ फरकही येथे उघडा पडतो.

मंदगतीचा स्क्रू फिरवून गती वाढवली की हादरा कमी होतो, पण दोष केवळ झाकला जातो. तपासणीआधीच पंप उतरवणे ही याहून खर्चिक चूक होय. पंपाचे काम टेस्ट बेंचवरच करावे लागते, तोवर वाहन उभे राहते आणि एवढे करून दोष एखाद्या सैल सांध्यात निघू शकतो.

इंधनात हवा व पाणी

टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिच्यात फट पडल्यास डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते. म्हणून कोरडी दिसणारी नळीही निर्दोष असेलच असे नाही. या मार्गात पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. झिजलेले वायसर, तडकलेली रबरी नळी व फिल्टरच्या भांड्याचे रबर ही नेहमीची ठिकाणे होत. फट बुजवल्यावर हातपंपाने हवा काढावी लागते. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणीही सोडून पाहावे.

एक सिलिंडर की सर्व

तपासणीचा मध्यवर्ती प्रश्न हाच आहे. हवा, तुंबलेला फिल्टर किंवा पंपाचे बिघडलेले टायमिंग यांचा परिणाम बहुधा सर्व सिलिंडरांवर होतो; ठोका ठरावीक अंतराने चुकत असल्यास दोष एकाच सिलिंडरकडे बोट दाखवतो. तो ओळखण्यासाठी इंजिन मंदगतीत चालू ठेवून एकेका नोझलवरील नळीचा नट पान्याने किंचित सैल करतात. त्यामुळे त्या सिलिंडरचे इंधन तुटते. इंजिन आणखी अडखळले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक न पडल्यास दोषी सिलिंडर सापडला.

या कृतीत सावधगिरी आवश्यक आहे. नोझल साधारणतः १२० ते २५० बार दाबाला उघडते व त्या दाबाची बारीक धार त्वचेत शिरू शकते. अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. डोळ्यांवर चष्मा, हातमोजे व नटाभोवती जाड फडके असावे. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग मुळीच करू नये. तेथील दाब कित्येक पट अधिक असतो.

दोषी सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहणे ही पुढची पायरी. तळाचे तांब्याचे वायसर मात्र नवे हवे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब आहे. तो जागीच राहिला तर टॅपेटचे अंतर, पंपाकडून त्या नळीला मिळणारे इंधन व शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. कॉम्प्रेशन मोजताना एका आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी ठरते.

धूर व इतर खुणा

पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा, काळा धूर जास्त इंधनाचा किंवा अपुऱ्या हवेचा, तर निळसर धूर जळणाऱ्या ऑइलचा निदर्शक असतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात थंडीच्या सकाळी अडखळणारी गती दोन-तीन मिनिटांत सुधारली तर प्रथम तो प्लग पाहावा. सायलेन्सरचा आवाज एकसारखा असूनही केबिन थरथरत असेल, तर बिघाड इंजिनात नसून त्याखालील रबरी फाउंडेशनमध्ये असण्याचा संभव असतो. जुन्या वाहनात हे रबर कडक होते किंवा फाटते.

दुरुस्तीनंतर इंजिन पूर्ण तापू द्यावे व मगच मंदगतीचा स्क्रू वाहनाच्या पुस्तिकेतील आकड्यावर आणावा. हे काम उघड्यावर करावे. बंद शेडमध्ये धूर कोंडतो.