डिकी आपोआप उघडते, पण वर पाहत नाही

आजचा विषय छोटा वाटेल, पण तो खिशालाही लागतो आणि डोक्यालाही. बटण दाबल्यावर आपोआप उघडणारी गाडीची डिकी, म्हणजे पॉवर टेलगेट, कशी वापरायची ते आज पाहू.

ही सोय पूर्वी परदेशी महागड्या गाड्यांत असायची. आता टाटा हॅरियर, सफारी, एमजी हेक्टर, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ती कंपनीकडूनच येते. ज्यांच्या गाडीत नाही, ते बाहेरून बसवून घेतात. मी राहतो करोल बागेत. इथे नाईवाल्याच्या बाजूला गाड्यांच्या सामानाची दुकाने ओळीने आहेत आणि तिथे असे किट मिळतात. पण त्याच करोल बागेत गल्ल्या अरुंद आहेत, आणि इमारतीखाली खांबांवरचे पार्किंग म्हणजे बुटके छत, त्यात खाली आलेले बीम आणि पाण्याचे पाइप. सोय आली, जागा तेवढीच राहिली. नुकसान इथूनच सुरू होते.

आधी यंत्र समजून घेऊ. डिकीची बिजागरी छपरापाशी असते. उघडताना डिकी आधी मागे येते, आडवी झाली की सर्वांत जास्त मागे असते, आणि मग तिची खालची कड वर चढत छपराच्याही वर जाते. म्हणून गाडीच्या मागे भिंत असेल तर धोका अर्ध्या वाटेवर असतो, आणि डोक्यावर बीम असेल तर शेवटी.

डिकी उचलणाऱ्या दांड्यात छोटी मोटर असते. मोटर किती फेरे फिरली हे मोजून कंट्रोलरला कळते की डिकी कुठवर आली. जमिनीपासूनची उंची त्याला कळत नाही. वाटेत काही आडवे आले की मोटरचा वेग पडतो, तिला जोर जास्त लागतो, आणि त्यावरून अडथळा ओळखून ती थांबते किंवा उलटी फिरते. म्हणजे बहुतेक गाड्यांत अडथळा कळतो तो धडकल्यावरच. तोवर रंग गेलेला असतो, कधी पत्रा दबलेला असतो. बऱ्याच गाड्यांत डिकीच्या कडांना दाब ओळखणारी रबरी पट्टी असते, पण ती बंद होताना बोटे वाचवण्यासाठी असते. वरच्या बीमशी तिचा काही संबंध नाही.

फौजेत शिकवतात की मागे गाइड उभा केल्याशिवाय ट्रक मागे घ्यायचा नाही. आरसे असले तरी नाही. नियम इथेही तोच: सेन्सर हा शेवटचा बंदोबस्त आहे, पहिला आपण करायचा.

पहिला बंदोबस्त, उंची ठरवून देणे. जवळजवळ सगळ्या कंपनीच्या पॉवर टेलगेटमध्ये ही सोय असते आणि फार थोडे लोक ती वापरतात.

१. गाडी मोकळ्या जागी, सपाट जमिनीवर, रिकामी उभी करा. रिकामी का? सामान उतरले की गाडीचा मागचा भाग वर येतो. भरलेल्या गाडीवर घेतलेले माप सामान उतरवताना कमी पडते.

२. डिकी पूर्ण उघडून जमिनीपासून तिच्या सर्वांत उंच टोकापर्यंत टेपने माप घ्या. आडवी असताना ती बंपरच्या किती मागे येते, तेही मोजा.

३. तुमच्या पार्किंगमधल्या सर्वांत खालच्या वस्तूची उंची मोजा. छत नव्हे; बीम, पाइप, ट्यूबलाइट यांपैकी जे सर्वांत खाली असेल ते.

४. त्यापेक्षा वीतभर खाली डिकी थांबवा आणि तिच्या खालच्या कडेवरचे बंद करण्याचे बटण तीन-चार सेकंद दाबून धरा. बीप वाजते किंवा दिवे लुकलुकतात. काही गाड्यांत हे पडद्यावरच्या मेनूतून होते, मॅन्युअल पाहा.

लक्षात ठेवा, गाडीने जो आकडा जपला तो डिकीच्या कोनाचा. बेसमेंटच्या उतारावर गाडीचे तोंड खाली असेल तर मागचा भाग उंच होतो आणि ठरवलेली उंची कामाची राहत नाही. तिथे डिकी उघडूच नका. बॅटरी काढली किंवा पूर्ण उतरली, तर काही गाड्या हे माप विसरतात. तेव्हा डिकी हाताने नीट बंद करून पुन्हा तपासा.

दुसरा बंदोबस्त, नकळत उघडण्याचा. बंपरखाली पाय हलवला की उघडणारी डिकी किल्ली जवळ असेल तरच चालते. दिल्लीत सकाळी गाडी पुसणारा मुलगा बादली घेऊन येतो. किल्ली तुमच्या खिशात, तुम्ही गाडीशेजारी बोलत उभे, आणि त्याचा हात किंवा पाणी बंपरखाली गेले की डिकी थेट बीमवर. धुताना किल्ली घरी ठेवा किंवा मेनूतून ही सोय बंद करा. मागे सायकलचा स्टँड लावला असेल तेव्हाही बंदच ठेवा.

तिसरा बंदोबस्त माणसांचा, आणि तोच सर्वांत मोठा. डिकी बंद होताना शेवटचे काही मिलिमीटर बऱ्याच गाड्यांत कुलपाची मोटर तिला आत ओढून घेते. त्या फटीत लहान मुलाचे बोट असेल तर यंत्रावर भरवसा ठेवू नका. करोल बागेत गलाईच्या धंद्यासाठी विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. गावी निघताना डिकी दहा वेळा उघडते, मुले भोवती, आजी पिशवी ठेवायला वाकलेल्या. अशा वेळी किल्लीच्या रिमोटने, लांबून डिकी बंद करायची नाही. जवळ उभे राहून, डोळ्यांनी पाहूनच बटण दाबायचे.

उघडी डिकी आपोआप खाली आली तर? असे घडलेले आहे. 2015 साली जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या एसयूव्ही लाखोंच्या संख्येने परत बोलावल्या, कारण डिकीच्या गॅसच्या दांड्यांत धूळ जाऊन त्या झिजत होत्या आणि डिकी लोकांच्या अंगावर पडत होती. दिल्लीत धुळीला तोटा नाही. दांड्या ओल्या कापडाने पुसत जा. थंडीत गॅसचा दाब कमी होतो, तेव्हा डिकी वर टिकत नसेल, हळूहळू उतरत असेल किंवा दांड्यावर तेल दिसत असेल, तर दांड्या बदला. काठी लावून चालवू नका.

बाहेरून किट बसवणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच परीक्षा घ्या. बंद होणाऱ्या डिकीखाली गुंडाळलेला टॉवेल धरा. हात कधीच नाही. डिकी लगेच मागे फिरली नाही तर ते किट घेऊ नका. वायर कापून जोडणार का आणि गाडीच्या वॉरंटीचे काय, हेही आधी विचारा.

घरातल्या सगळ्यांना, ड्रायव्हरलासुद्धा, तीन शब्द पाठ करायला लावा: मागे, वर, आत. मागे कोणी आहे का, वर काही आहे का, आत सामान काचेला टेकते आहे का. तीन ठिकाणी नजर टाकायला तीन सेकंद लागतात. मग बटण.

आज संध्याकाळीच टेप घेऊन खाली उतरा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.