लावणीच्या दिवसांत घरचं वेळापत्रक



शेतीच्या कामाचं नियोजन आपण नेहमी बोलतो. बियाणे किती, खत किती, रोप किती दिवसांचं, हे सारं आपण सांगतो आणि तुम्ही ऐकता. पण ज्या घरातून माणसं शेतावर जातात, त्या घराच्या कामाचं नियोजन कोण करतं? बहुतेक ठिकाणी कोणीच करत नाही. ते घरच्या बाईच्या डोक्यात असतं आणि तिच्याच अंगावर पडतं.

आपल्या खालापूर-कर्जत भागातलं घर म्हणजे दोन नावांवर पाय. घरातला एक माणूस खोपोलीला किंवा पाताळगंगेच्या पट्ट्यात कारखान्यात पाळीवर. मुलं शाळा-कॉलेजात. दावणीला एक-दोन म्हशी. आणि मृग लागला की भात. अशा घरात ठरल्या वेळी ठरलं काम होईलच असं नाही. म्हणून वेळापत्रक हवं, पण ते वाकणारं हवं.

एका घरची गोष्ट

मागे एका घरी गेलो होतो. रोप हिरवंगार, पण गुडघ्याला लागलेलं. विचारलं, "लावणी का थांबली?" म्हणाले, "साहेब, रविवारची वाट बघतोय. सुट्टीशिवाय चिखलणीला माणूस नाही." एक रविवार धो-धो पावसात गेला, दुसऱ्या रविवारी पॉवर टिलर मिळाला नाही. रोप चाळीस दिवसांचं झालं. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात. खत, पाणी, मेहनत सगळं केलं तरी उतारा कमीच आला. चूक आळसाची नव्हती. पेरणीच्या दिवशी लावणीचा हिशेब केला नव्हता, एवढीच ती चूक.

कामाचे तीन ढीग करा

घरची आणि शेतावरची सगळी कामं एकदा कागदावर लिहून काढा आणि त्यांचे तीन ढीग करा.

१) वेळेला बांधलेली कामे : म्हशीची धार, डेअरीला दूध, मुलांचा डबा, कामावरच्या माणसाची गाडी. ही हलत नाहीत.

२) मुदतीची कामे : लावणी, बेणणी, युरियाचा हप्ता. यांना ठरलेली वेळ नाही, पण मुदत आहे. आज नाही तर उद्या चालेल, पंधरा दिवसांनी चालणार नाही.

३) सवडीची कामे : दळण, बांध-बंदिस्ती, गोठ्याची डागडुजी, बँकेतलं काम. ही पुढे ढकलता येतात.

आपली गडबड होते ती इथे, की तिसऱ्या ढिगातलं काम समोर दिसतं म्हणून आधी करतो आणि दुसऱ्यातलं राहून जातं. रोज सकाळी पहिला ढीग उरकला की हात दुसऱ्याला लागला पाहिजे.

लावणीचा हिशेब पेरणीच्या दिवशी

हळव्या आणि निमगरव्या भाताचं रोप साधारण २१ ते २५ दिवसांत लावावं. म्हणजे एका पेरणीच्या रोपाला लावणीचे पाच दिवस मिळतात. आता तुमच्या घरची माणसं दिवसाला किती गुंठे लावतात, ते तुम्हालाच ठाऊक. समजा पाच गुंठे होतात आणि शेत एक एकर, म्हणजे ४० गुंठे आहे. मग लावणीला आठ दिवस लागणार. पाच दिवसांत २५ गुंठे होतील, उरलेल्या १५ गुंठ्यांचं रोप जून होणार.

उपाय सोपा आहे. एक एकराला रोपवाटिका चार गुंठे लागते. ती एकदम पेरू नका. दोन गुंठे ८ जूनला पेरा, दोन गुंठे १३ जूनला. पहिल्या रोपाची लावणी २९ जून ते ३ जुलै, दुसऱ्याची ४ ते ८ जुलै. हातात दहा दिवस आले, काम आठ दिवसांचं. दोन दिवस शिल्लक राहिले, ते पावसाला, आजाराला, नाहीतर पाहुण्याला. नियोजन करताना असा मोकळा दिवस आधीच सोडून ठेवावा. भरगच्च आखलेला आठवडा पहिल्याच अडचणीला मोडतो. पाऊस लांबला तर तारखा पुढे न्या, मधलं पाच दिवसांचं अंतर मात्र ठेवा.

जातीही मिसळून घ्या. कर्जत-३ हळवी, कर्जत-५ निमगरवी. दोन्ही थोड्या थोड्या लावल्या की कापणीही एकदम अंगावर येत नाही.

आठवड्याची आखणी

हवामान खात्याचा शेतीसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. पुढच्या आठवड्यात कोणाची कोणती पाळी, पावसाचा अंदाज काय, बाजार कधी, सावडीला कोणाकडे जायचं, एवढं दहा मिनिटांत ठरतं. मंगळवारी पुन्हा एकदा बघून बदल करावा.

दर दिवसासाठी दोन कामं लिहा : एक उघाडीचं, एक पावसाचं. उघाडीला बेणणी आणि त्यानंतर युरिया. लावणीनंतर साधारण महिन्याने द्यायचा हप्ता खाचरातलं पाणी कमी करून, पावसाची उघडीप बघून द्यावा, नाहीतर खत वाहून जातं. झड लागली तर गोठा, अवजारं, दळण.

पाळीचाही विचार करा. दुसरी पाळी असेल तर सकाळ मोकळी, चिखलणी तेव्हा घ्या. पहिली पाळी असेल तर संध्याकाळी बांध आणि पाणी बघण्याचं काम. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आधी झोपू द्या. झोपेच्या डोळ्यांनी पॉवर टिलर चालवणं किंवा औषध फवारणं धोक्याचं आहे.

चुलीचं काम वाटून घ्या

लावणीत बाई पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, धार काढते, दिवसभर पाण्यात वाकून लावते आणि घरी येऊन परत चुलीपुढे बसते. तिला ताप आला की लावणी थांबते. तेव्हा हा प्रश्न नुसता घरचा नाही, पिकाचाही आहे.

लावणीच्या दहा दिवसांपुरतं तरी तिच्याकडचं काम उतरवा. धार आणि वैरण एकाने घ्यावी, पाणी दुसऱ्याने. भांडी मुलीनेच घासावी असं कुठे लिहिलेलं नाही, मुलग्यालाही ती घासता येतात. सुकट, कडधान्य, पापड, लोणचं, फोडलेली लाकडं यांची बेगमी मे महिन्यातच करून ठेवा. कडधान्य रात्री भिजत घातलं की सकाळचा वेळ वाचतो. आणि रात्री झोपताना तिच्या पायांना कोकमाचं मुठेल लावायला सांगा, चिखलाने बोटं फार चिरतात.

माणसंच कमी असतील तर नेरळच्या सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं सगुणा भात तंत्र बघून या. गादीवाफ्यावर बी टोकायचं, चिखलणी आणि लावणी नाही. पण तणाकडे वेळेवर लक्ष द्यावं लागतं. आधी पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहा.

शेवटी

वेळापत्रक मोडलं म्हणून फेकून देऊ नका. मोडलं तर कोणत्या दिवशी, कशाने मोडलं ते कागदाच्या मागे लिहा. पुढच्या वर्षी रोहिणी नक्षत्रात तोच कागद काढा, सगळ्यात चांगला सल्ला त्यावर तुमच्याच अक्षरात सापडेल.

हे पत्रक चुलीजवळच्या भिंतीला लावा. घरात सगळ्यांना दिसेल असं.