सोंगाड्याची शिदोरी

चैत्र पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा भरली, की कासा-चारोटीच्या रस्त्याला माणसांचा पूर लोटतो. शेजारच्या जव्हार-मोखाडा भागात वसंताच्या याच दिवसांत बोहाड्याची सोंगे नाचतात. रात्री मुखवटा बांधून देव झालेला गडी सकाळी पुन्हा मजुरीला जातो. अशी दुहेरी जिणी जगणारे हौशी नट आम्हांस विचारतात, "दिवसाचे आठ तास पोटाच्या कामात गेल्यावर कलेसाठी उरते काय?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही तमाशातील सोंगाड्याकडे मागतो, कारण आयत्या वेळी विनोद करणे हेच त्याचे काम.

सोंगाड्या तोंडाला येईल ते बोलतो, असा समज आहे. तो खरा नाही. गण, गौळण, बतावणी, वग ही तमाशाची चौकट बांधीव असते. जुन्या वगांत पदे रचलेली असत. संवाद मात्र बव्हंशी बोर्डावर उभ्या उभ्या सुचत. कथेने कोठे पोहोचायचे हे सर्वांस ठाऊक. वाट तेवढी सोंगाड्याच्या हाती. चौकट पक्की म्हणूनच त्याला मोकळे सुटता येते.

दुसरे साधन कान. राजा विचारतो, "राज्यात सगळं चाललंय ना?" सोंगाड्या म्हणतो, "सगळं चाललंय महाराज, एसटी तेवढी उभी आहे." यात नवे काही नाही, त्याने 'चाललंय' हा शब्द शब्दशः घेतला, इतकेच. पण ती एसटी श्रोत्यांच्या रोजच्या खोळंब्याची असते, म्हणून मांडव हसतो. हशा ओसरताच त्याला कथेचा धागा पुन्हा धरावा लागतो. नाहीतर वग तेथेच विसकटतो.

आता ही एसटी त्याला मिळाली कोठे? थांब्यावर, कामावर जाताना! दादा कोंडके नायगावात वाढले, सेवा दलाच्या पथकात वावरले, आणि 'अपना बाजार' या सहकारी भांडारात त्यांनी नोकरी केली. भांडारात येणारे गिऱ्हाईक भाव विचारते, कुरकुरते, उधारी सांगते. माणसे वाचण्याची याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाही. पुढे १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात त्यांचा हवालदार गाजला. संहिता सबनीसांची, पण ताज्या घडामोडींवरच्या कोंडक्यांच्या आयत्या कोट्यांनी प्रयोगागणिक ती नवी होई. निळू फुले यांनीही पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करीत सेवा दलाच्या कलापथकात उमेदवारी केली.

नोकरी शक्ती खाते, हे आम्ही नाकारीत नाही. रात्रीची तालीम झोपेतूनच कापून घ्यावी लागते. त्या थकव्याला गोड नाव देण्यात अर्थ नाही. परंतु ज्याने रांगेत उभे राहून वरिष्ठाची बोलणी खाल्ली, त्याच्याच तोंडी राजाची फजिती शोभते. दुबळ्याची टवाळी करून हशा मिळविणे सोपे. सोंगाड्याची परंपरा मात्र सरदाराची पगडी उडविण्याची आहे.

तेव्हा, मित्रहो, कामाचे आठ तास वाया गेले असे मानू नका. त्या वेळी कान उघडे ठेवा. रात्रीची शिदोरी तेथेच बांधली जात असते.